एण्ड, फिनिश, स्टॉप, कम्प्लिट, क्लोज… मेलमध्ये नक्की कुठं काय लिहायचं?

गोकुळशिरगाव_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. कामाचा प्रश्न हाय, टाईमपास नव्हं. आमचं एमआयडीसीत मशीन शॉप आहे, फौंड्रीतनं कास्टिंग (ओतीव नग) येतंय, आम्ही सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) मशीनिंग करून पॅक करून पाठवतो, त्यातला थोडा माल जर्मनीला जातोय. मेलामेली सगळी माझ्याकडं, का तर हापिसात बी.कॉम. झालेला मी एकटाच.

आज सकाळी कस्टमरचा मेल आला, त्यात मधीच एक वाक्य, 'अंडर द कॉन्ट्रॅक्ट कन्क्लुडेड बिटवीन अस इन मार्च'. मालकांनी ते वाचलं आणि तवापासनं केबिनमध्ये येरझाऱ्या चालू. त्यांचं म्हणणं, बघ मार्चमधीच कॉन्ट्रॅक्ट संपवलाय म्हणत्यात, मग एप्रिलपासनं आपण पाठवायलोय त्या मालाचं बिल कोण देणार. मी म्हटलं साहेब पुढच्या महिन्याचं शेड्यूल त्याच मेलला जोडलंय की. ऐकायच्या मनस्थितीत न्हाईत.

आणि ह्यानिमित्तानं दुसरं पण विचारून घेतो. आमच्यात रोज भांडण आहे, मालक म्हणतात सगळीकडं फिनिश लिही, क्वालिटीवाला म्हणतो कम्प्लिट लिही, पर्चेसच्या मॅडम क्लोज म्हणतात. डिक्शनरी काढली तर एण्ड म्हणजे फिनिश, फिनिश म्हणजे कम्प्लिट, कम्प्लिट म्हणजे परत फिनिश, रंकाळ्याला चक्कर मारून आपलं जिथनं निघालो तिथंच. मराठीत कसं, संपलं म्हटलं की संपलं. कुणीतरी नीट सांगा.

पांढरा_रस्सा

सगळीकडं 'खल्लास' लिहून टाक. जर्मनला पण कळंल.

बाई_राजारामपुरी

आधी मालकांना खुर्चीत बसवा आणि चहा द्या. कॉन्ट्रॅक्ट संपलेला नाही, उलट मार्चमध्ये तो *झाला* आहे.

कन्क्लुडचा हा खरंच फसवा उपयोग आहे. भाषण, बैठक, कार्यक्रम कन्क्लुड झाला म्हणजे समारोप झाला. पण कन्क्लुडच्या पुढे करार, तह, व्यवहार असं काही आलं की अर्थ बरोबर उलटा होतो, करार पक्का झाला, सह्या झाल्या, आता तो दोघांना बांधील. दोन देशांत तह कन्क्लुड होतो म्हणजे तह केला जातो, मोडला जात नाही. मूळ लॅटिन क्रियापद बंद करण्याचं आहे, क्लोज पण त्याच घरातला, म्हणजे बंद काय झालं तर वाटाघाटी, आणि त्यातून करार बाहेर आला. युरोपातल्या लोकांच्या कराराच्या इंग्रजीत हा शब्द ठायी ठायी असतो. तिसरा अर्थ निष्कर्ष काढणे, तो तुम्हाला माहीत असेलच.

म्हणून कन्क्लुड दिसला की त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं. सभा बसलीय का करार बसलाय.

आता तुमचं फिनिश-कम्प्लिट-एण्ड. मी मुलांना शिकवताना एकच प्रश्न विचारायला लावायची, *मागे काम उरलं का?* स्टॉप म्हटलं तर काम उरलेलं असू शकतं, नुसतं चालणं बंद पडलंय, परत चालू होईल किंवा होणारही नाही. फिनिश म्हटलं तर करायचं होतं ते सगळं करून झालं, उरलं काही नाही. एण्ड कामाबद्दल काही बोलतच नाही, तो फक्त हद्द दाखवतो, इथपर्यंत होतं, इथून पुढे नाही. म्हणून युद्ध एण्ड होतं, सिनेमा एण्ड होतो, महिना एण्ड होतो. गृहपाठ मात्र एण्ड होत नाही, 'आय एण्डेड माय होमवर्क' कोणी म्हणत नाही, गृहपाठ फिनिश करायचा असतो. फोनचं बघा. कॉल एण्ड केला म्हणजे लाल बटण दाबलं, समोरचा अजून बोलत असला तरी. कॉल फिनिश केला म्हणजे बोलायचं होतं ते बोलून झालं.

आणि मराठीत 'संपलं म्हटलं की संपलं' हे काही मला पटलं नाही हं. जेवण आटपतं, लग्न उरकतं, भांडण मिटतं, बाजार उठतो, शाळा सुटते, सोयरीक मोडते आणि धंदा गुंडाळतात. लग्न मिटलं किंवा भांडण सुटलं असं तुम्ही म्हणता का? तुम्हाला हे कोणी शिकवलं नाही, कानाला सवय आहे. इंग्रजीत तेवढं ऐकणं झालेलं नसतं म्हणून डिक्शनरी काढावी लागते.

लेथवाला

बाई एकदम करेक्ट. पण भावा तू एमआयडीसीत बसून हा प्रश्न विचारायलायस? खाली शॉप फ्लोअरवर जा, तुझ्या सीएनसीवर सगळं लिहिलेलं हाय.

बघ. मशीनच्या प्रोग्रॅमात कोड असत्यात. एम ०० म्हणजे प्रोग्रॅम स्टॉप. जॉब (कापायचा नग) चकमधीच, म्हणजे पकडीतच, मशीन थांबलं, चिप्स झाडल्या, डायल बोअर गेज (भोक मोजायचं साधन) घालून बोअर बघितला, सायकल स्टार्ट दाबलं की पुढच्या ओळीपासनं परत चालू. एम ०१ ऑप्शनल स्टॉप, पॅनलवरचं बटण चालू असलं तरच थांबणार न्हाईतर सुसाट. आणि एम ३० म्हणजे प्रोग्रॅम एण्ड, तिथं प्रोग्रॅमची हद्द संपली, कर्सर वर पहिल्या ओळीला गेला, आता सायकल स्टार्ट दाबलंस तर पहिल्यापासनं चालू हुणार, मधनं न्हाई. स्टॉप आणि एण्डमधला फरक ह्याच्यापेक्षा सोपा कोण सांगतंय सांग.

आता फिनिश. जी ७१ कोडनं रफिंग, म्हणजे आधीचा जाडाभरडा कट, अंगावर थोडा अलाउन्स (जादा माल) ठेवायचा, मग जी ७० नं फिनिशिंग कट. म्हणजे फिनिश काय थांबणं बिंबणं न्हाई, उलट टूल तवा चालू असतंय, शेवटचा हात फिरवून जॉब ड्रॉइंगला आणायचा म्हणजे फिनिश. आणि हे पण बघ, प्रोग्रॅमला एम ३० लागला म्हणून जॉब फिनिश झाला असं न्हाई, इन्सर्ट (टूलची पाती) घासलेला असला की प्रोग्रॅम एण्ड झालेला असतोय आणि जॉब फिनिशला बोंबललेला. दोन्ही वेगळं.

लाल बटणावर इमर्जन्सी स्टॉप असतंय. इमर्जन्सी फिनिश कुणी बघितलंय का.

उकडलेली_शेंग

वरचा लेथवाला म्हणजे नाद खुळा. मी फौंड्रीत आहे, आमच्यात बॉटम पोअर लेडलला (वितळलेला धातू खालनं ओतायच्या भांड्याला) स्टॉपर असतंय, खालच्या नॉझलचं भोक बुजवायला. कुठंतरी वाचलेलं की स्टॉपचा जुना अर्थ भोक बुजवणं हाच. म्हणजे आमचाच शब्द ओरिजिनल.

बाई_राजारामपुरी

बरोबर वाचलंय. बुजवणे, बोळा घालणे, तिथून अडवणे आणि मग थांबवणे.

लेथवाले दादा, तुम्ही जे लिहिलंत ते व्याकरणाच्या पुस्तकात मी तरी बघितलेलं नाही. फिनिश म्हणजे शेवटचा हात फिरवणे हे फार महत्त्वाचं आहे, म्हणूनच स्टोअरला 'फिनिश्ड गुड्स' असतात, 'एण्डेड गुड्स' नसतात.

एमपीएससी_पुन्हा

बाई, कम्प्लिट राहिलं. आणि कृपया कुणी ते व्हॉट्सॲपचं लग्नाचं, बायको चांगली मिळाली तर कम्प्लिट न्हाईतर फिनिश्ड, ते टाकू नका, प्रत्येक क्लासमध्ये प्रत्येक सर तेच सांगतात आणि स्वतःच हसतात.

पांढरा_रस्सा

टाईप करून झालं होतं राव. डिलीट केलं.

बाई_राजारामपुरी

कम्प्लिट आणि फिनिश बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात, उगाच भिंत घालायला नको. कम्प्लिट जरा कागदोपत्री वाटतो, आणि त्याच्या मुळाशी भरणे आहे, पूर्ण भरणे. म्हणून जिथं काही भाग, रकाने, वर्षं, नग भरायचे असतात तिथं कम्प्लिट शोभतो. फॉर्म कम्प्लिट करा, कोर्स कम्प्लिट केला, सेट कम्प्लिट झाला. 'फिनिश द फॉर्म' म्हणजे चूक नाही, पण बँकेच्या कागदावर 'कम्प्लिट द फॉर्म' असंच येईल. उलट ताटातलं फिनिश करायचं. आपल्याकडे पोरांना 'कम्प्लिट युवर फूड' म्हणतात ते आपलं देशी इंग्रजी, बाहेरचा माणूस 'फिनिश युवर फूड' म्हणेल.

तुमच्या क्वालिटीवाल्याचं म्हणणं मेलपुरतं बरोबर आहे. 'मशीनिंग इज कम्प्लिटेड', 'इन्स्पेक्शन इज कम्प्लिटेड' हे व्यवस्थित. मालकांचं फिनिश पण चालतं, फक्त तुमच्या धंद्यात फिनिश म्हटलं की सरफेस फिनिश डोळ्यापुढे येतो, म्हणून घोळ नको असेल तर कम्प्लिट लिहा.

आणि व्याकरण, हे पाठच करा. स्टॉप आणि फिनिश दोघांच्या पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावून. 'फिनिश्ड पॅकिंग' लिहायचं, 'फिनिश्ड टू पॅक' नाही. एण्डच्या पुढे असं क्रियापद लावताच येत नाही, 'एण्डेड पॅकिंग' हे इंग्रजीच नाही. स्टॉपला टू लावलं तर अर्थ फिरतो.

एमपीएससी_पुन्हा

स्टॉप टू मध्ये मी कायम अडकायचो, आमच्या सरांनी जे सांगितलं ते इथं देतो, लई सोपं आहे. 'तो बोलायला थांबला' आणि 'तो बोलायचा थांबला'. पहिल्यात बोलण्यासाठी थांबला, म्हणजे स्टॉप्ड टू टॉक. दुसऱ्यात बोलणं बंद, म्हणजे स्टॉप्ड टॉकिंग. मराठीत 'ला' आला की इंग्रजीत टू, 'चा' आला की आयएनजी. दसरा चौकात चहा प्यायला थांबलो म्हणजे स्टॉप्ड टू ड्रिंक.

पण सीजचं उलटं आहे ना? राज्यघटनेत जागोजागी 'सीज टू' येतं, अमुक झालं की तो सदस्य असण्याचं बंद होईल अशा अर्थानं. तिथं स्टॉप टू लिहिलं तर सदस्य होण्यासाठी थांबला असं काहीतरी होईल.

बाई_राजारामपुरी

अगदी. सीज दोन्ही घेतो, टू पण आणि आयएनजी पण, अर्थ बदलत नाही. पण तो कायद्याचा आणि बातमीचा शब्द. सीज फायर ठीक, हापिसच्या मेलमध्ये 'वुई हॅव सीज्ड द प्रॉडक्शन' लिहिलं तर कारखान्याला टाळं लागलं असं वाटेल. आणि स्पेलिंग चुकून जप्तीवालं सीज झालं तर बघायलाच नको.

एमपीएससी_पुन्हा

बाईंचा 'मागे काय उरलं' वाला प्रश्न पॉलिटीला (राज्यघटनेच्या विषयाला) एकदम फिट बसतोय बघा, आत्ता लक्षात आलं. सभागृहाचं कामकाज ॲडजर्न म्हणजे तहकूब, उद्या परत भरणार. प्रोरोग म्हणजे अधिवेशनच संपलं, लोकसभा-राज्यसभेला राष्ट्रपती कलम ८५ खाली करतात, राज्यात राज्यपाल १७४ खाली, पण पडून राहिलेली विधेयकं त्यामुळं मरत नाहीत. डिझॉल्व्ह म्हणजे लोकसभाच विसर्जित, तिथं लोकसभेत प्रलंबित असलेलं विधेयक लॅप्स होतं, कलम १०७. तीनही ठिकाणी बाहेरनं बघणाऱ्याला बाकं रिकामीच दिसणार. फरक काय तर मागं काय जिवंत राहिलं एवढाच. मी हे तीन कोरडं पाठ करायलो होतो.

काळाकोट_कसबाबावडा

डिस्पॅचवाल्या भावाला एक सूचना, वकील म्हणून. मेलमध्ये 'टर्मिनेट' हा शब्द चुकून सुद्धा लिहू नका. एक्स्पायर म्हणजे मुदत भरली आणि करार आपोआप संपला, कुणी काही केलं नाही. टर्मिनेट म्हणजे कुणीतरी तो संपवला, बहुतेक वेळा मुदतीच्या आधी, आणि त्याला नोटीस, नुकसानभरपाई असली कलमं चिकटलेली असतात. 'वुई आर टर्मिनेटिंग धिस ऑर्डर' असं तुम्ही भोळेपणानं लिहायचं आणि समोरच्याच्या लीगल डिपार्टमेंटनं ते फाईलला लावायचं, असं होतं.

क्विटबद्दल कुणी विचारलं नाही पण सांगतो. नोकरी क्विट, सिगरेट क्विट हे अलीकडचं. जुना अर्थ जागा सोडून जाणे. भाडेकरूला अजून 'नोटीस टू क्विट' जाते, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ठराव झाला तो क्विट इंडिया, तिथं पण तेच, घर रिकामं करा.

तालमीतला_पोरगा

टर्मिनेट म्हटल्यावर माणसाला कामावरनं काढणं आठवतंय, पण आमच्या कोल्हापूरच्या स्टेशनचं नावच श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. रूळ तिथंच संपत्यात, पुढं गाडी जातच न्हाई. १८९१ ला मिरजेपास्नं लाईन आली तवापासनं तसंच. तिथं गाडी टर्मिनेट होती म्हणून कोण गाडीला नोटीस देत न्हाई.

काळाकोट_कसबाबावडा

हाहा. बरोबर. गाडी स्वतः टर्मिनेट होते, तिथं अर्थ नुसता शेवटचा थांबा. कुणी कुणाला टर्मिनेट केलं की भानगड.

मूळ शब्द टर्मिनस म्हणजे हद्दीचा दगड. रोमन लोकांचा त्या नावाचा देवच होता, २३ फेब्रुवारीला त्याचा सण, दोन्ही बाजूचे शेजारी येऊन हद्दीच्या दगडाला माळ घालायचे आणि तिथंच जेवायचे. आपल्याकडं बांधाच्या दगडावरनं माझ्याकडं किती फायली पडल्यात ते विचारू नका.

तालमीतला_पोरगा

अजून एक, कुस्तीचं. खासबागेत निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागली, चितपट, निकाल लागला. आणि वेळ संपली, दोघं पण घामेघूम, पंचांनी बरोबरीत सोडवली, ती पण संपलीच की, पण लोकं शिट्ट्या मारत्यात, का तर पैसं वसूल न्हाईत. माझ्या मतं निकाली म्हणजे फिनिश आणि सोडवली म्हणजे एण्ड. बाई सांगा बरोबर का.

बाई_राजारामपुरी

शंभर टक्के. इंग्रजीत 'द बाऊट एण्डेड इन अ ड्रॉ' म्हणतील. एण्डच्या पुढे 'इन' आला की निकाल काय लागला ते येतं, 'विथ' आला की शेवटी काय झालं ते, कार्यक्रम राष्ट्रगीतानं संपला म्हणजे 'एण्डेड विथ'. आणि 'एण्ड अप' म्हणजे ठरवलं नव्हतं तिथं जाऊन पोचणं.

जाता जाता, आपला अंत आणि त्यांचा एण्ड हे भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच जुन्या मुळातले. जुळलेत म्हणून मी उगाच जोडत नाहीये, संस्कृत आणि इंग्रजी एकाच भाषाकुळातल्या.

गोकुळशिरगाव_डिस्पॅच

बाई लई म्हणजे लई आभार, मालक बसले. चहा पण झाला. आता म्हणतात मला आधीच वाटलं होतं.

आता खरी गोम. एक पीओ (पर्चेस ऑर्डर) आहे ५०० नगाचा. ४६० गेले. उरलेले ४० नको म्हणून कस्टमर सांगतोय, त्यांचं मॉडेल बदललं. आमच्यात ह्याला पीओ शॉर्ट क्लोज करणं म्हणतात, ईआरपीत (कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये) तसं बटणच आहे. मी असं लिहिलंय: 'मशीनिंग ऑफ फोर हंड्रेड सिक्स्टी पीसेस इज कम्प्लिटेड. वुई हॅव स्टॉप्ड प्रॉडक्शन ऑफ रिमेनिंग फॉर्टी पीसेस. काइंडली शॉर्ट क्लोज द पीओ.' चालंल का? ऑर्डर कम्प्लिट म्हणावं का नको हेच कळंना.

बाई_राजारामपुरी

ऑर्डर कम्प्लिट म्हणू नका, ५०० भरले नाहीत. फिनिश पण नाही. क्लोज हाच शब्द, तुमच्या पर्चेसच्या मॅडम इथं बरोबर. क्लोज म्हणजे हिशेबाची वही मिटली, आत सगळं झालंय का अर्धं झालंय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुकान रात्री नऊला क्लोज होतं आणि सकाळी उघडतं, कायमचं गेलं तर क्लोज डाऊन.

स्टॉप्ड तुम्ही चांगला वापरलाय, उद्या ते परत हवेत म्हणाले तर दार उघडं राहतं. कायमचं बंद असेल तर डिसकंटिन्यू, पण तो एखादं मॉडेल, एखादा पार्ट कायमचा बंद करताना, ४० नगांसाठी नको.

शॉर्ट क्लोज मात्र काढा. आपल्याकडे सगळ्यांना कळतो, जर्मन माणूस गोंधळेल. सरळ लिहा, 'प्लीज क्लोज द ऑर्डर ॲट फोर हंड्रेड सिक्स्टी पीसेस'. आणि रिमेनिंगच्या आधी 'द' घाला.

काळाकोट_कसबाबावडा

आणि खाली 'द बॅलन्स ऑफ फॉर्टी पीसेस इज कॅन्सल्ड ॲट युवर रिक्वेस्ट' घाला. 'ॲट युवर रिक्वेस्ट' विसरू नका. कॅन्सल कुणी केलं ते कागदावर पाहिजे.

लेथवाला

ते सगळं खरं, पण त्या ४० नगांची कास्टिंगं रॅकवर येऊन पडलीत का न्हाई अजून? निम्म्यांचं रफिंग झालेलं असणार. त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडणार?

गोकुळशिरगाव_डिस्पॅच

मालक परत उभं राहिले. त्याला येगळा धागा काढतो.